अंगावर चालेल, तोंडात नाही

आमच्या भुसावळहून माणसं मुंबईला जातात, नाशिकला जातात, लग्नकार्यासाठी पार सुरतेपर्यंत जातात. मी बदलापूरला जाऊन आले असं सांगितलं की ऐकणारा थांबतो. त्याला वाटतं, बदलापूर वाटेत लागलं असेल, खरं गाव पुढे असेल. तसं काही नव्हतं. मी बदलापूरलाच गेले होते, आणि तेही एक शेगडी पेटत नव्हती म्हणून.

मी ज्या संस्थेत काम करते ती गावोगाव गोबरगॅस बांधून देते. नव्वदीची सुरुवात होती, अनुदानं मिळत होती, आणि आमच्या खानदेशात शेणाला तोटा नाही. शहराच्या कडेच्या वस्त्यांत मात्र जनावरं नसतात. तिथे सार्वजनिक संडासालाच गॅसचा खड्डा जोडायचा आणि त्यावर स्वयंपाक करायचा, अशी तेव्हा नवी कल्पना निघाली होती. अंबरनाथच्या एका कारखानदाराने काढलेल्या संस्थेने बदलापूरला, खरवईच्या बाजूच्या एका बौद्ध वस्तीत असा गॅस बांधला. लोक संडास वापरू लागले, गॅसही तयार होऊ लागला. पण त्यावर भाताचं आधण ठेवायला एकही बाई तयार होईना. त्या संस्थेच्या साहेबांनी आमच्याकडे माणूस मागितला. माझी मावसबहीण कमलताई त्याच वस्तीत राहते, आणि मीही बौद्ध घरातलीच. "तुमचं ऐकतील ते," असं म्हणून आमच्या प्रमुखांनी मला पाठवलं. गाडीत बसल्यापासून ते वाक्य मला टोचत होतं.

उल्हासनगर

कल्याणला उतरून आधी उल्हासनगर गाठलं, कारण वस्तीतली शेगडी सिलिंडरच्या गॅसची होती. आपल्या गॅसला दाब कमी, त्याला बर्नरचं भोक मोठं लागतं. ते काम उल्हासनगरात होतं असं कळलं होतं.

या गावात काय होत नाही हेच विचारावं. एका गल्लीत नुसती बटणं, दुसरीत खुर्च्या, तिसरीत पत्र्याचे डबे ठोकण्याचा असा आवाज की आपण काय बोलतो ते आपल्यालाच ऐकू येऊ नये. पाट्या हिंदीत, मोलभाव सिंधीत, आणि हमालांची भांडणं मराठीत. मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा एका कारखान्यात शिरले, तर सत्तरीचे एक सिंधी शेटजी लेथजवळ स्टुलावर बसले होते. मी पिशवीतून बर्नरचा नमुना काढायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"पहले पापड-पानी. काम बाद में."

खरोखरच आतून एक बाई भाजलेला पापड आणि पाण्याचा गडवा घेऊन आल्या. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळपाणी देतात. पापड मी जेवणाखेरीज कधी खाल्ला नव्हता. उन्हातून आल्यावर त्या मिऱ्याच्या पापडाने तोंडाला चव आली. पण मला घाई होती. मी उभ्याउभ्याच खात होते आणि घड्याळ बघत होते.

शेटजींनी बर्नर उलटासुलटा करून पाहिला. "गोबरगॅस? बदलापूर में इतना गोबर किधर से लाएगी, बेटी?"

खरं सांगावं की नाही, क्षणभर समजेना. मग सांगून टाकलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. आता बर्नर परत देतील असं वाटलं.

"हम लोग आये ना सिंध से," ते म्हणाले, "तो इधर मिलिटरी का बराक था. पूरे बराक के लिये एक लाइन संडास. सुबह डब्बा लेके मेरा बाप खडा रहता था, कराची में जिसका दो मंजिला मकान था. उस टाइम तू आती, तो हम पूरे कॅम्प को गॅस पर खाना खिलाते." आणि ते इतके हसले की लेथवरचा माणूस काम थांबवून बघू लागला. मग हसू ओसरलं. "लेकिन मेरी माँ नहीं खाती," ते म्हणाले. "माँ बिल्कुल नहीं खाती."

दोन बर्नर घेऊन मी बाहेर पडले. चांगलं काम झालं होतं, तरी ते शेवटचं वाक्य नको होतं असं वाटत राहिलं.

बदलापूर

कमलताईचं घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. भावजी अंबरनाथला कंपनीत पाळीवर जातात. "जय भीम" झालं, पाय धुतले, आणि ताटात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी आली. आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाणारी माणसं. तांदळाची भाकरी मला हातात धरायलाच फार हलकी वाटली, दोन खाल्ल्या तरी जेवल्यासारखं वाटेना. सुकटीच्या वासाने मात्र पहिल्या दिवशी माझी परीक्षाच पाहिली. ताईला ते कळलं. ती हसून म्हणाली, "इथे राहायचं तर याच्याशी दोस्ती कर, शालू."

जेवण उरकताच मी उठले. ताई म्हणाली, जरा पड, प्रवास करून आलीस. पण मला दम नव्हता. आम्ही गॅस बघायला गेलो. काम चांगलं झालं होतं. संडास स्वच्छ, त्याच्या मागे जमिनीत पुरलेला घुमट, आणि तिथून पाइप विहाराशेजारच्या स्वयंपाकाच्या खोलीत गेलेला. त्या खोलीत बालवाडीची खिचडी शिजावी असा बेत होता. तिथे शेगडी होती, ओटा होता, ओट्यावर धूळ होती. शेजारीच अंगणात तीन दगडांवर खिचडी रटरटत होती आणि बालवाडीची मदतनीस डोळे पुसत लाकडं पुढे सारत होती.

मी लगेच बर्नर बदलला आणि काडी लावली. ज्योत फरफरली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. तोवर दारात बायका जमल्या होत्या. पाइपात पाणी साठलं की असं होतं. मी पाइप सोडवून पाणी काढलं, तेव्हा पुष्कळसं माझ्याच साडीवर पडलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानंतर मात्र ज्योत निळी, सरळ उभी राहिली.

"बघा," मी म्हटलं. "वास येतो का? धूर आहे का?"

मागून एक उंच, वाळलेली बाई पुढे आली. केस पिकलेले, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. ही शेवंतामावशी. ताईने मी आल्या आल्याच मला सांगितलं होतं, की तिने हो म्हटलं तर वस्ती हो म्हणेल.

"बाय, तू कमळीची भैन ना? तुज्या घरी काय हाय, ह्योच ग्यास?"

"नाही. स्टोव्ह आहे. सिलिंडरला नंबर लावलाय."

"नंबर लागला तर घेशील?"

"घेईन."

"मंग?" एवढंच म्हणून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी वाकून शेगडी बंद केली.

बारवीच्या बाजूला

दुसऱ्या दिवशी मावशी लाकडं आणायला जाणार होती. मी म्हटलं, मी येते. ताईने भावजींचे जुने बूट मला बांधून दिले. ते इतके मोठे होते की पुढे कापूस कोंबावा लागला. पहाटे चार बायकांबरोबर निघालो. भातं कापून झाली होती, शेतं मोकळी, कुठे कुठे वालाचे वेल पसरलेले. थंडी होती, तरी त्या बायका अनवाणी, माझ्या पुढे, भराभर. आमच्याकडे लांबवर बघायला मोकळं रान असतं. इथे डोंगर एकदम अंगावर येतात आणि वाट त्यांच्यात शिरून नाहीशी होते.

चढून गेल्यावर खाली बारवीच्या धरणाचं पाणी दिसलं. माथ्यावरून विजेच्या जाड तारा कारखान्यांकडे गेल्या होत्या, आणि त्या तारांच्या बरोबर खाली ठाकर आदिवासींची वाडी होती. आम्ही तिथे पाणी प्यायला थांबलो. झोपडीत दिव्यासाठी रॉकेलची बाटली होती. पाणी देणाऱ्या बाईला मी विचारलं, तुमच्याकडे लाइट नाही? तिने वर तारांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाय की. पन थांबत नाय हितं."

वाळकी लाकडं गोळा करून मोळ्या बांधल्या. माझी मोळी सगळ्यांत लहान होती. डोक्यावर घेऊन वीस पावलं गेले असेन, बूट दगडावरून सरकला, मी बसकण मारली आणि मोळी उतारावरून गडगडत दरीत गेली. कुणी हसलं नाही. त्यामुळे मला जास्तच लाजल्यासारखं झालं. गुडघा सोलला होता. बाकीच्या बायका पुढे गेल्या, मावशी माझ्याजवळ थांबली आणि तिने कसलासा पाला चुरून गुडघ्यावर लावला. मग खोकली. तो खोकला लवकर थांबला नाही.

"धुरामुळे आहे हे," मी म्हटलं. "मावशी, गॅसवर शिजवलंत तर हा खोकला कमी होईल. ही पायपीट थांबेल. तुम्हाला वास आला का काल? मग काय अडचण आहे?"

ती शेजारच्या दगडावर टेकली.

"माजा बाप गावाची मेलेली ढोरं वढायचा," ती म्हणाली. "मी ल्हान व्हते, मागनं जायचे, कुत्री हाकलाय. दीक्षा झाली तवा बापानं सांगितलं, आता वढनार नाय. त्या वर्साला पाटलाचा बैल मेला. मानसं आली, आदी गोड बोलली, मंग शिव्या दिल्या. बाप उठला नाय. मंग कोनी कामाला बोलवंना. रानातला पाला शिजवून खाल्ला आमी, बाय. मीठ पन नसायचं. माजा ल्हाना भाव त्याच पावसात गेला. पन बाप उठला नाय."

मी गुडघ्यावरचा पाला दाबून धरला.

"घान सोडायला आमी उपाशी ऱ्हायलो. आता तुमी सांगता, घान चुलीत घाल. आनि कुनाला सांगता? टेशनाजवळ येवड्या बिल्डिंगी झाल्या. त्यांचा संडास न्हाई का? तितं का नाय बांदला?"

"तिथे लोकांकडे सिलिंडर आहे," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच कळलं की मी तिचंच बोलणं पुरं केलं.

मावशी उठली. तिने आपल्या मोळीतली चार लाकडं काढून मला दिली, रिकाम्या हाताने गावात शिरू नये म्हणून.

रविवारचा चहा

परत आल्यावर मी दोन दिवस घरात टिकले नाही. वस्तीतून चक्कर मारायची, गॅसच्या खोलीशी यायचं, परत फिरायचं. मांजर्लीपर्यंत नदीकाठी चालत गेले आणि काहीच न बघता आले. ताई म्हणाली, "तुला बघून मलाच धाप लागते गं." माझा राग कुणावर आहे ते मला ठरवता येत नव्हतं. गॅस खरा होता. धूर खरा होता. मावशीचं म्हणणंही खरं होतं.

शेवटी मीच तिच्याकडे गेले. "काय झालं तर तुम्ही शिजवाल?" असं सरळ विचारलं.

ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून तिने विचार केला. "बांदनाऱ्या साहेबाला बोलव. ह्या ग्यासवर च्या करू. त्यानं सगळ्यांसमोर प्यावा. प्याला, तर त्याच दिशी मी भात टाकते."

मला अगदी हलकं वाटलं. यात काय अवघड आहे! मी स्टेशनजवळून फोन केला. रविवारी साहेब येतो म्हणाले, आनंदाने. कशासाठी तेही मी सांगितलं. ते म्हणाले, "अरे वा, उद्घाटनच म्हणा ना."

रविवारी विहारापुढे सतरंजी घातली. साहेब जीपमधून आले. माणूस वाईट नव्हता. वस्तीतल्या बऱ्याच जणांना नावाने ओळखत होता, मुलांसाठी पाट्या घेऊन आला होता. मी शेगडी पेटवली, ताईने आलं घालून चहा केला. दारात गर्दी. मावशीने स्वतः कपबशी नेऊन साहेबांच्या हातात दिली आणि समोर उभी राहिली.

साहेब चहाकडे बघत राहिले. वाफ येत होती. त्यांनी कप थोडा वर उचलला. मग बशीत ठेवला.

"मावशी, माफ करा. मला हल्ली ॲसिडिटी आहे. डॉक्टरांनी चहा बंद केलाय."

"मागल्या टायमाला दोन कप पिलात," मावशी म्हणाली. "पायाभरनीला. कमळीच्या घरचा. इस्टोवरचा."

साहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी पुन्हा कप उचलला, आणि मला अजून वाटतं की त्यांना प्यायचा होता. कप ओठांजवळ आला. मग त्यांनी कप सतरंजीवर ठेवला, हात जोडले आणि जीपकडे गेले.

मी माझा कप घटाघटा प्याले. जीभ पोळली. मला मावशीला दाखवायचं होतं.

"तू पिनारच गं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू कुटं परकी हायेस."

भावजीही प्याले. आणखी दोघे प्याले. पण माणसं पांगली ती पांगलीच.

हंडा

माझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळी मी बर्नर काढून न्यावा का, अशा विचारात गॅसच्या खोलीकडे गेले, तर दार उघडं. मावशी आत होती. शेगडीवर पाण्याने भरलेला मोठा हंडा, आणि ती काडीपेटी घेऊन खालीवर बघत होती.

"कुटनं फिरवायचं ह्ये?"

मी चावी फिरवून दाखवली. तिने काडी ओढली, हात लांब धरून लावली. निळी ज्योत हंड्याखाली पसरली. ती एक पाऊल मागे सरली, मग पुढे आली आणि वाकून बघत राहिली.

"सून बाळंतीन हाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दोन टायमाला तिचं पानी, पोराचं पानी. मोळी एका दिवसात सपते. अंगावर घ्यायला चालंल. तोंडात नाय."

आमच्या संस्थेत गॅसवर किती चर्चा झाल्या असतील! भाकरी भाजते का, डाळ किती वेळात शिजते, गॅसचा दाब किती. अंघोळीचं पाणी कुणाच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आणि वस्तीतलं निम्मं लाकूड थंडीत त्यालाच जात होतं, हे मी आठवडाभर बघत होते.

पाणी तापलं तोवर आणखी दोघी हंडे घेऊन आल्या. तुझा आधी की माझा आधी यावरून लगेच वाजलं. मावशीने दोघींना गप्प केलं आणि मला म्हणाली, "आदी पाव्हनी. तुजी गाडी हाय." सुनेचं पाणी मग पुन्हा ठेवते म्हणाली.

ताईच्या मोरीत मी अंघोळीला बसले. गुडघ्याची खपली ओली झाली आणि झणझणली. मावशी बाहेरून ओरडून विचारत होती, "कढत हाय का?" मी म्हटलं, "खूप." "मंग गार पान्याचं इसान घाल की!" पाणी पाठीवरून उतरत होतं आणि आठवडाभरात पहिल्यांदा माझे खांदे सैल पडले. पण ते थोडा वेळच. कपडे करून बाहेर आले तेव्हा मी विचारलंच, "आणि स्वयंपाक?"

तिने उत्तर तयारच ठेवलं होतं. "साहेबाला माजा निरोप दे. म्हनावं, तुज्या बंगल्याच्या मागं असाच खड्डा बांद. तुज्या बायकोनं त्याच्यावर भात टाकला, का मी हितं भात टाकते. त्याच दिशी. लोकांनला दाखवायला पन नको. तुमी दोगांनी जेवा, मला कळवा."

अंबरनाथ

वाटेत अंबरनाथला उतरले. वेळ होता म्हणून आधी शंकराचं जुनं देऊळ पाहिलं. आमच्याकडची हेमाडपंती देवळं काळी, ठसठशीत असतात. या देवळाच्या दगडावर इतकं कोरीव काम आहे की नजर कुठे थांबवावी कळत नाही. नाकात मात्र शेजारून वाहणाऱ्या नाल्याचा उग्र वास. हात न जोडताच मी फिरून आले आणि चालत साहेबांच्या ऑफिसला गेले.

ते मला बघून ओशाळले. मी हंड्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे चालू झाला की! उत्तम. सुरुवात महत्त्वाची."

मग मी मावशीचा निरोप सांगितला. एक शब्द गाळला नाही.

ते हसले. "शेवंतामावशी म्हणजे ना, भारी विनोदी बाई."

"त्यांनी विनोद केलेला नाही," मी म्हटलं. "उत्तर हवंय त्यांना. मला पत्रातून कळवायचंय."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "कल्याणहून गाडी आहे ना तुमची? चुकेल."

"चुकू दे."

खिडकीतून कारखान्याचा भोंगा ऐकू आला. पाळी सुटली असावी. बाहेर सायकलींच्या घंटा वाजायला लागल्या.

"बंगल्यामागे जागा आहे," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "पण हे मी एकटा नाही ठरवू शकत. घरी विचारावं लागेल."

"विचारा ना," मी म्हटलं. "फोन समोरच आहे." आणि खुर्ची ओढून बसले.